अराफातची दगडी नहर

उमराहला गेलेल्या लोकांसाठी मक्केत एक दिवस जियारतचा असतो. फजरची नमाज आणि नाश्ता आटोपला की हॉटेलसमोर बस उभी राहते. सौरचा डोंगर, अराफात, मुजदलिफा, मिना, हिराचा डोंगर असे सगळे दाखवून ती जोहरच्या आत आपल्याला परत आणून सोडते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी, आमचे हे आणि अम्मी असे तिघे उमराहला गेलो होतो. बसमध्ये बहुतेक लोक लातूर, उदगीर, सोलापूरकडचेच होते. माईक हातात धरून माहिती सांगणारा मुलगा मात्र हैदराबादचा होता.

अराफातला बस थांबली. हजच्या दिवशी इथे लाखो लोक हात पसरून उभे असतात. त्या दिवशी मैदान जवळजवळ रिकामे होते. लोक जबल-ए-रहमतच्या पायऱ्या चढत होते. खाली रंगीत झुली घातलेले उंट फोटोसाठी उभे होते. अम्मीचे गुडघे दुखतात, म्हणून ती आणि मी खालीच थांबलो. अराफातमध्ये कडुनिंबाची कितीतरी झाडे लावलेली आहेत. अम्मीला त्याचेच अप्रूप. “अगं, हा तर आपला लिंब!” म्हणत ती सावली धरून पुढे चालत गेली आणि डोंगराच्या पायथ्याशी एका बुटक्या दगडी भिंतीजवळ थबकली. भिंत डोंगराला वळसा घालून लांबवर गेली होती.

“ये दीवार कायकी है, बेटा?” अम्मीने त्या मुलाला विचारले.

“दीवार नहीं खालाजान, नहर है. नहर-ए-जुबैदा. बारासौ साल पुरानी.”

“अब पानी आता क्या इसमें?”

“नहीं. कबकी सूक गई.”

अम्मीने भिंतीच्या दगडावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही. मला तिच्या मनातले कळले. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आले, तो उन्हाळा आम्ही दोघींनी काढलेला आहे. मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर लांबून टँकरच्या वाघिणी येत होत्या. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावलेली होती. रात्री दोन वाजता टँकर आला की सत्तरी गाठत आलेली अम्मी घागर घेऊन माझ्या आधी दाराबाहेर असायची. पाणी कुठून तरी आणावे लागते, कोणीतरी आणावे लागते, हे तिला पुस्तकात वाचावे लागले नाही.

बसमध्ये परत बसल्यावर तिने मला विचारले, “तू मास्तरीण आहेस ना? मग सांग, ही जुबैदा कोण होती?”

खरे सांगायचे तर मी वर्गात हारून अल-रशीदचे नाव घेते. बगदाद, खलिफा, विद्वानांचा आश्रयदाता, एवढे सांगते आणि पुढच्या धड्याकडे वळते. त्याच्या बेगमेविषयी मी वर्गात कधी एक वाक्यही बोलले नव्हते. त्या दिवशी थोडे सांगितले. परत आल्यावर उर्दूतली जुनी पुस्तके काढून वाचली. वाचकहो, अम्मीला जे सांगितले आणि जे सांगायचे राहून गेले, ते सगळे आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

लोण्याचा गोळा

जुबैदा हे तिचे खरे नाव नव्हते. खरे नाव अमतुल अजीज. ती खलिफा अल-मन्सूरची नात. हा तोच मन्सूर, ज्याने इ.स. ७६२ मध्ये बगदाद शहर वसवायला घेतले. नात गोरी आणि गुटगुटीत होती. आजोबा लाडाने तिला ‘जुबैदा’ म्हणू लागले. अरबीत जुब्दा म्हणजे लोणी, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत लोण्याचा गोळा. आजोबांनी दिलेले हे लाडाचे नाव जगाने पुढे बाराशे वर्षे लक्षात ठेवले.

तिचा निकाह चुलतभाऊ हारूनशी झाला. ७८६ मध्ये हारून खलिफा झाला आणि जुबैदा त्या काळातल्या सर्वांत बलाढ्य राज्याची पहिली बेगम झाली. आजच्या भाषेत ‘फर्स्ट लेडी’. तिच्याकडे कोणतेही पद नव्हते. तिच्या हाती सरकारी शिक्का नव्हता. पण आजोबा खलिफा, पती खलिफा आणि पुढे मुलगाही खलिफा, अशा घरात जिचा शब्द चालतो, तिचे वजन कोणत्याही वजिरापेक्षा कमी नसते.

ती साधी राहत होती, असे मात्र मी म्हणणार नाही. इतिहासकारांनी तिच्या रत्नजडित पादत्राणांचे आणि सोन्याचांदीच्या भांड्यांचे वर्णन केले आहे. त्याच महालाविषयी इतिहासकार इब्न खल्लिकान असेही लिहितो की, तिच्याकडे शंभर हाफिजा दासी होत्या. रोज त्यांचे कुरआनपठण चाले, तेव्हा महालातून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुंजारव ऐकू येई. ऐश्वर्य आणि इबादत एकाच छपराखाली नांदत होती. माणसे अशीच असतात. आपण थोरांच्या गोष्टी सांगताना त्यांचे अर्धे आयुष्य पुसून टाकतो आणि मग मुलांना वाटते, चांगले काम फक्त फरिश्तेच करू शकतात.

एका पखालीला एक दिनार

मक्का हे शहरच कोरड्या डोंगरांच्या खोबणीत वसले आहे. नदी नाही, तळे नाही. त्याची कहाणीच तहानेपासून सुरू होते. हजरत हाजरा (अ.) तान्ह्या इस्माईल (अ.) साठी पाणी शोधत सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात वेळा धावल्या आणि अल्लाहने जमजम दिले. आज संगमरवरी फरशीवर, थंडगार हवेत आपण सई करतो. त्यातही अम्मीला व्हीलचेअर घ्यावी लागली. पाचव्या फेरीला ती मला म्हणाली, “त्या बिचारीच्या पायाखाली तर तापलेले दगड असतील गं.”

जमजम होते, पण हजला येणाऱ्या एवढ्या मोठ्या जमावाला ते कसे पुरणार? विहिरी थोड्या आणि पाऊस बेभरवशाचा. हारूनच्या काळात एकदा अशी टंचाई पडली की मक्केत पाण्याची एक पखाल एक दिनाराला विकली गेली. दिनार म्हणजे सोन्याचे नाणे. श्रीमंत हाजीने ते मोजले असेल. घरदार विकून, महिनोन्‌महिने चालत आलेल्या गरीब हाजीने काय केले असेल?

जुबैदाने ही अवस्था पाहिली आणि मक्केला पाणी आणायचे ठरवले. मक्का आणि ताइफच्या दरम्यान हुनैनचे खोरे आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या हयातीत जिथे हुनैनची लढाई झाली, तेच हे खोरे. तिथे झरा होता. तिथली बागायत तिने विकत घेतली आणि झऱ्याचे पाणी मक्केच्या दिशेने वळवायला सांगितले. दुसरा झरा वादी नुमानचा, अराफातच्या पलीकडचा. त्याचे पाणी अराफातच्या मैदानात आणि तिथून मुजदलिफाकडे नेले. अम्मीने हात ठेवला तो दगड या दुसऱ्या नहरीचा.

काम किती अवघड होते, ते डोंगर पाहिल्याशिवाय कळत नाही. पंप नाही, सुरुंगाची दारू नाही. पाण्याने फक्त उताराने वाहायचे. उतार जरा जास्त झाला तर पाणी दगड उखडून टाकणार. जरा कमी झाला तर जागीच साचणार. म्हणून नहर सरळ रेषेत न नेता डोंगराच्या कडेकडेने, वळणे घेत नेली. आतून चुन्याचा गिलावा केला, म्हणजे पाणी झिरपू नये. वरून झाकली, म्हणजे उन्हाने आटू नये आणि वाळू पडू नये. ठिकठिकाणी तोंडे ठेवली, म्हणजे गाळ काढायला माणूस आत उतरू शकेल. काही ठिकाणी नहर जमिनीवर भिंतीसारखी दिसते, तर काही ठिकाणी ती जमिनीच्या पोटातून जाते.

खजिनदार घाबरला. खर्च फार येईल, असे त्याने कळवले. त्यावर जुबैदाचे उत्तर इब्न खल्लिकानने नोंदवले आहे. कुदळीच्या एकेका घावाला एकेक दिनार लागला तरी चालेल, पण काम कर, अशा अर्थाचे. एकूण खर्च सतरा लाख दिनार झाला, असे जुने लेखक सांगतात.

हिशेबाची वही

आता एक गोष्ट, जी आपल्या घरांतून खूप सांगितली जाते. काम पुरे झाल्यावर कारभारी हिशेबाच्या वह्या घेऊन बगदादला आले. जुबैदा दजला नदीकाठच्या महालात बसली होती. तिने वह्या घेतल्या आणि न उघडताच नदीत सोडून दिल्या. हिशेब आता हिशेबाच्या दिवशी. ज्याच्याकडे आमचे पैसे उरले असतील ते त्याचे, आणि ज्याचे आमच्याकडे येणे निघत असेल त्याने ते घेऊन जावे, असे तिने सांगितल्याचे म्हणतात.

बसमध्ये मी ही गोष्ट सांगितली तेव्हा मागच्या सीटवरून “सुब्हानल्लाह” ऐकू आले. आमचे हे मात्र हसले. कारण त्यांना माहीत होते, आता ही अडकणार!

मी खरेच अडकले. आमच्या शाळेत पाण्याच्या टाकीसाठी वर्गणी चालू आहे आणि तिचा हिशेब माझ्याकडे आहे. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत मुले घरून बाटलीत पाणी आणतात. ज्याच्या घरीच पाणी नाही, तो मूल रिकामी बाटली दप्तरात लपवून आणतो. म्हणून आम्ही ठरवले की, शाळेच्या छपरावरचे पावसाचे पाणी साठवणारी मोठी टाकी बांधायची. कोणा पालकाने पाचशे रुपये दिले, कोणी पन्नास. बांगड्या विकणाऱ्या एका आईने दहा-दहाच्या नोटा आणून दिल्या. मी प्रत्येकाची पावती फाडली. वीस रुपयांचा मेळ लागत नव्हता म्हणून एका रात्री अकरापर्यंत वही घेऊन बसले होते. मग मी मुलांना वह्या नदीत सोडण्याची गोष्ट कोणत्या तोंडाने सांगू? लोकांच्या पैशाचा हिशेब द्यायचाच असतो. कुरआनने देवाणघेवाण लिहून ठेवायला सांगितले आहे, आणि तीही सविस्तर.

उत्तर मला दुसऱ्या एका गोष्टीत मिळाले. ती इमाम कुशैरी यांच्या रिसाल्यात आली आहे. जुबैदाच्या मृत्यूनंतर कोणीतरी तिला स्वप्नात पाहिले आणि अल्लाहने तुझ्याशी काय केले, असे विचारले. ती म्हणाली, मला माफ केले. मक्केच्या वाटेवर एवढे खर्च केलेस म्हणून का? ती म्हणाली, नाही. त्या खर्चाचा सवाब ज्यांचा पैसा होता त्यांना परत गेला. मला माझ्या नियतीमुळे माफ केले.

स्वप्न हा काही शरियतचा पुरावा नव्हे. पण ही गोष्ट ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्यांचे शहाणपण पाहा. राजघराण्याचा पैसा येतो कुठून? शेतकऱ्याच्या सारापट्टीतून, व्यापाऱ्याच्या जकातीतून. नहरीवर नाव बेगमेचे लागले, पण ज्याच्या घामाचा दिनार होता त्याच्या खात्यातला सवाब कोणी काढून घेतला नाही. बेगमेच्या वाट्याला आली ती फक्त तिची नियत. वही नदीत गेली तरी हिशेब बुडाला नाही, तो वर चोख ठेवला गेला होता. उलट, आपल्या हातात दुसऱ्याचा पैसा आहे याची आठवण ही गोष्ट मला त्या पहिल्या गोष्टीपेक्षा जास्त देते.

बगदाद ते मक्का

तिचे काम नहरीवर थांबले नाही. इराकमधील कूफाहून मक्केला येणारी हाजींची वाट वाळवंटातून जात होती. हे अंतर हजार किलोमीटरपेक्षा कितीतरी जास्त आहे. आधीच्या अब्बासी खलिफांनी या वाटेवर काही सोयी केल्या होत्या. जुबैदाने तिथे विहिरी, पावसाचे पाणी साठवणारे दगडी तलाव आणि मुक्कामाच्या जागा बांधून घेतल्या. आजही त्या वाटेला ‘दर्ब जुबैदा’, म्हणजे जुबैदाची वाट म्हणतात. सौदी अरबच्या वाळवंटात ते गोल आणि चौकोनी तलाव अजून उभे आहेत.

पाचशे वर्षांनंतर, १३२६ मध्ये, प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता या वाटेने मक्केहून इराककडे गेला. या वाटेवरचा प्रत्येक तलाव आणि विहीर हा तिचाच उपकार आहे, आणि तिने हे केले नसते तर कोणी या वाटेने जाऊच शकले नसते, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. प्रशंसा करायला बेगम किंवा तिच्या घराण्यातले कोणी समोर नव्हते. तहानलेल्या वाटसरूने दिलेली ही दाद होती.

काबागृहातला करार

इथपर्यंत सगळे ठीक. पण जुबैदाच्या शहाणपणाची खरी परीक्षा पुढे होती, आणि ती पाण्याची नव्हती.

हारूनला अनेक मुलगे होते. त्यातला अमीन जुबैदाचा. दुसरा मामून, एका इराणी दासीचा मुलगा. मामून काही महिन्यांनी थोरला आणि अभ्यासात हुशार. तरीही अमीन पाच वर्षांचा असतानाच पहिला वारस ठरला, कारण त्याचे आई आणि वडील दोघेही हाशिमी घराण्याचे होते आणि आईच्या माहेरची माणसे त्याच्या पाठीशी होती. आपल्या पोटच्या मुलासाठी तिने वजन वापरले, हे मान्य करायलाच हवे.

८०२ मध्ये हारूनने हजच्या वेळी दोघा भावांकडून लेखी करार करून घेतला. आधी अमीन, मग मामून. कोणी कोणाला दगा द्यायचा नाही. हे कागद खुद्द काबागृहात लटकवले गेले. यापेक्षा पवित्र जागा कोणती आणि यापेक्षा पक्का शब्द कोणता? पण ८०९ मध्ये हारूनचे निधन झाले आणि थोड्याच काळात भावांमध्ये तेढ पडली. अमीनने ते कागद मक्केहून मागवून घेतले आणि ते फाडले गेले.

८११ मध्ये अमीनचा सेनापती अली इब्न ईसा मोठी फौज घेऊन मामूनवर निघाला. निघण्यापूर्वी तो जुबैदाचा निरोप घ्यायला गेला. इतिहासकार तबरी हा प्रसंग सांगतो. आई म्हणून ती आपल्या मुलासाठी विजयाची दुआ करून मोकळी झाली असती. पण तिने सेनापतीला सांगितले की, अमीन माझा मुलगा असला तरी मामूनविषयीही माझ्या मनात माया आहे. तो हाती लागला तर त्याच्याशी उद्धटपणे बोलू नकोस. तू त्याच्या बरोबरीचा नाहीस. त्याने रागाने काही म्हटले तरी सहन कर. आणि तिने त्याच्या हातात चांदीची बेडी दिली. बांधण्याची वेळ आलीच तर याने बांध, म्हणाली.

त्या बेडीचा उपयोगच झाला नाही. फौज हरली, सेनापती मारला गेला. पुढे बगदादला वेढा पडला आणि ८१३ मध्ये अमीन मारला गेला. ज्या आईच्या घरात तीन पिढ्यांची खिलाफत होती, तिचा एकुलता एक मुलगा सावत्र भावाच्या सैनिकांच्या हातून गेला.

लोक तिच्याकडे आले. उठा, मुलाच्या रक्ताचा बदला मागा, म्हणाले. तिच्या एका हाकेवर बगदादमध्ये पुन्हा तलवारी निघाल्या असत्या. तिने नकार दिला. शोकाचे कपडे घातले आणि मामूनला पत्र लिहून आपले दुःख कळवले. काही वर्षांनी मामून बगदादला आला, तेव्हा ती त्याला भेटली. एक खलिफा मुलगा गमावला, पण जो मी जन्माला घातला नाही असा दुसरा खलिफा मुलगा मला मिळाला, अशा अर्थाचे ती म्हणाली, असे इतिहासात आले आहे. मामूनने तिचा मान राखला.

हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. ज्या जिभेवर बदल्याचा शब्द यायला हवा होता, त्या जिभेवर तिने ‘मुलगा’ हा शब्द आणला. आपल्या घरांतही वाटणीवरून, लग्नकार्यातल्या मानपानावरून भाऊ भावाशी बोलेनासे होतात. तेव्हा आईचा एक शब्द आग लावू शकतो आणि एक शब्द विझवू शकतो. आपल्यापैकी कितीजणी कोणता शब्द निवडतात?

आणखी एक प्रसंग तबरीनेच दिला आहे. ८२५ च्या सुमारास मामूनचे बूरानशी लग्न लागले. त्या सोहळ्यात जुबैदा वडीलधारी म्हणून हजर होती. खलिफाने नव्या नवरीला काय हवे ते मागायला सांगितले. बूरानने मागितलेल्या गोष्टींत एक होती, जुबैदाला हजला जाण्याची परवानगी. ती मिळाली. वाचकहो, जिने साऱ्या दुनियेच्या हाजींना पाणी पाजले, तिच्या हजच्या परवानगीसाठी म्हातारपणी एका नवरीला शब्द टाकावा लागला! सत्ता कुठून कुठे जाते, पाहा. ८३१ मध्ये बगदादला तिचा इंतकाल झाला.

पुढे त्या नहरीचे काय झाले?

नहरी बांधून ठेवल्या म्हणजे कायम वाहत नाहीत. पूर येतो, गाळ भरतो, दगड निखळतात. जुबैदाच्या नहरीची दुरुस्ती शतकानुशतके होत राहिली. सोळाव्या शतकात ती पार मोडकळीला आली, तेव्हा पुढे सरसावली ती पुन्हा एक स्त्रीच. उस्मानी सुलतान सुलेमानची मुलगी मिहरिमाह सुलतान. तिने अराफातची नहर दुरुस्त करून पाणी थेट मक्का शहरात न्यायचे ठरवले. वाटेत कठीण कातळ लागला. त्यावर लाकडे पेटवायची, दगड तापवायचा आणि मग फोडायचा. असे करत करत सुमारे दहा वर्षांनी, १५७१ च्या सुमारास, पाणी मक्केत पोहोचले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नहर पुन्हा नादुरुस्त झाली. तेव्हा दुरुस्तीसाठी जी वर्गणी जमली, तिच्यात हिंदुस्थानातल्या मुसलमानांच्या पैशाचाही वाटा होता. हे वाचले तेव्हा मला आमच्या शाळेची पावतीपुस्तके आठवली. मुंबईच्या बंदरातून जहाजाने जाणाऱ्या तेव्हाच्या हाजींनी हेच पाणी प्यायले असणार.

विसाव्या शतकात सौदी राज्य आल्यावरही ही नहर काही दशके कामात होती. मग मक्का वाढली, खोल विहिरी खणल्या गेल्या, झरे आटले आणि नहर कोरडी पडली. आज मक्केला तांबड्या समुद्राचे खारे पाणी गोड करून, शुऐबाच्या प्रकल्पातून मोठ्या नळांनी येते. हॉटेलात नळ सोडला की पाणी. आपण वजू करतो आणि नळ वाहता ठेवून मिस्वाक शोधतो! अम्मीने पहिल्याच दिवशी मला त्यावरून बोल लावले होते.

आणखी एक गंमत सांगते. बगदादमध्ये सुळक्यासारख्या घुमटाची एक सुंदर जुनी कबर आहे. लोक तिला ‘सित्त जुबैदा’ची कबर म्हणतात. प्रत्यक्षात ती जुमुर्रुद खातून या दुसऱ्याच स्त्रीची आहे. ती अब्बासी खलिफा नासिरची आई. म्हणजे जुबैदाच्या नावाने जी कबर दाखवली जाते, ती तिची नाही. काबागृहातला करार फाटला, मुलाची खिलाफत चार वर्षांत संपली. टिकली ती ही दगडी नहर, आणि ती हजारावर वर्षे वाहिली.

नावाची पाटी

मुजदलिफाकडे जाताना बसच्या खिडकीतून नहरीचा एक लांब तुकडा पुन्हा दिसला. अम्मी खिडकीला नाक लावून पाहत होती. तेवढ्यात मी तिला विचारले, “अम्मी, अब्बांच्या पाटीचे काय करायचे?”

हे सांगायचे राहिले. शाळेच्या टाकीसाठी अम्मीने अब्बांच्या पेन्शनमधून साठवलेले चाळीस हजार रुपये दिले होते. वर्गणीतली सर्वांत मोठी रक्कम तीच. मी ठरवले होते की, टाकीवर संगमरवराची पाटी बसवायची. अब्बांचे नाव आणि खाली ‘ईसाल-ए-सवाबसाठी’. पाटीवाल्याला मजकूरही देऊन आले होते. अब्बांचे नाव शाळेत राहावे, एवढीच माझी इच्छा होती. तीत वाईट काही नव्हते.

अम्मी म्हणाली, “पाणी पिताना कोणी पाटी वाचतं का गं? आणि त्या बांगडीवालीचं नाव कुठं लिहिणार तू?”

मी काही बोलले नाही. तिच्या दहा-दहाच्या नोटा माझ्या डोळ्यांपुढे होत्या.

परत आल्यावर मी पाटीवाल्याचे काम थांबवले. टाकी आता बांधून झाली आहे. तिच्यावर पाटी नाही. पण वहीही मी नदीत सोडली नाही. सगळ्या वर्गणीचा आणि सगळ्या खर्चाचा हिशेब मोठ्या कागदावर लिहून शाळेच्या दारात लावला, दहा रुपयांपासून चाळीस हजारांपर्यंत. सिमेंटच्या गोण्या किती, गवंड्याची मजुरी किती, शिल्लक किती, सारे त्यावर आहे. पाहुणे येऊन वाचतात. एका आजोबांनी बेरीज तपासून एक चूक काढली, ती मी त्यांच्यासमोर दुरुस्त केली.

पहिला पाऊस पडला त्या दिवशी मुले छपराच्या पन्हाळीखाली उभी राहून ओरडत होती. मी अम्मीला फोन लावला आणि टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकवला. ती पलीकडून काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने फक्त दुआ पुटपुटताना ऐकू आली. आधी अब्बांसाठी, मग त्या बांगडीवालीसाठी, मग जुबैदासाठी.

अल्लाह आपल्या सर्वांच्या नियती स्वच्छ ठेवो आणि आपल्या हातून कोणाची तरी तहान भागवो. आमीन.